"काका, जरा..." म्हणून होईपर्यंत

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला मी पहिल्यांदा एकट्यानं शूटिंग रेंजवरची लाईन चालवली, म्हणजे नेम मारणारे जिथं ओळीनं उभे राहतात त्यांच्या मागं उभं राहून सगळ्यांवर लक्ष ठेवलं. आठ लेन, आठ शूटर, सव्वा तास. एकदा स्टॉप म्हणून सगळ्यांना थांबवावं लागलं, ते शेवटी सांगतो. घरी येऊन दोन कप चहा पिलो तरी हात गारच होते, मग म्हणलं आता लिहूनच काढूया, कारण गेले सहा महिने हे रेंज सेफ्टी ऑफिसरचं ट्रेनिंग करताना जे जे शिकलो ते मराठीत एका जागी कुठं वाचायला मिळालं नाही, आणि आमच्या बेळगाव भागात ह्या कामाला अजून माणसं पाहिजेत, खरंच पाहिजेत.

मी मूळचा अनगोळचा. उद्यमबागेत मशीन शॉपला सुपरवायझर आहे, बावीस वर्षं झाली, आधी लेथ, मग मिलिंग, आता सीएनसी. बंदुकीशी माझा संबंध म्हणजे लहानपणी कॅम्पाच्या बाजूनं सकाळी फायरिंगचा आवाज यायचा तेवढाच. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळं इथं घरटी नाही तरी गल्लीत एक तरी फौजी असतोच. पण आमच्या घरात कुणी नव्हतं.

मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं. कांबळवाडीचा, राधानगरी तालुका, म्हणजे निपाणी ओलांडली की आलंच की ते. त्याच्या आधीपण कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला गोल्ड घेतलेलं, पण ती नावं आमच्या पोरीला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. त्या रात्री तिनं तिन्ही नावं शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता म्हणाली, पप्पा मला एअर रायफल शिकायची. आता ती आठवीत आहे, आणि मी एका जुन्या गोडाऊनमध्ये केलेल्या दहा मीटरच्या रेंजवर तिला सोडायला जाता जाता तिथंच अडकलो.

एक आधीच सांगतो, मॅचला ज्युरी किंवा पंच म्हणून उभं राहायचं तर त्याचे कोर्स आणि लायसन्स वेगळे असतात, ते नॅशनल रायफल असोसिएशन आणि आयएसएसएफ ह्या जागतिक शूटिंग संघटनेचं काम. (ही नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. नॅशनलच्या आधीची स्पर्धा त्यांच्याच नावानं चालते, म्हणून शूटरच्या तोंडात "मी मावळणकर खेळलो" असं असतंय. मला हे ऐकून फार बरं वाटलेलं.) मी सांगतोय ते रोजच्या प्रॅक्टिसला लाईनच्या मागं उभं राहणाऱ्या माणसाचं. आमच्यात त्याला नुसतं आरओ, म्हणजे रेंज ऑफिसर म्हणतात.

आमचं ट्रेनिंग एका रिटायर्ड सुभेदार साहेबांनी घेतलं. आम्ही पाचजण होतो, त्यात दोन बायका, एक कन्नड शाळेच्या शिक्षिका आणि एक चिकोडीहून दर शनिवारी बसनं येणाऱ्या. पहिल्या दिवशी मला वाटलं बंदूक हातात देतील, पार्ट समजावून सांगतील. तसलं काही नाही. आम्हाला लाईनच्या मागं उभं केलं, शूटरना सुरू करायला सांगितलं आणि दहा मिनिटांनी विचारलं, काय बघितलं? मी म्हणलं सर, तीन नंबरचा चांगला मारतोय, बहुतेक नऊच्या आत आहेत. साहेब म्हणाले, टार्गेट बघायला शूटर आहे, कोच आहे, तुम्ही टार्गेट बघितलं म्हणजे तेवढा वेळ लाईनकडं कुणीच बघत नव्हतं. तुम्ही हात बघायचा. नळीचं तोंड बघायचं. बोट बघायचं.

सांगायला सोपं आहे हे, पण डोळ्याला सवय लागायला मला दीड महिना लागला, कारण शॉट सुटला की नजर आपोआप टार्गेटकडं जाते. आणि कुठं उभं राहायचं हेपण एक शास्त्रच आहे. उजव्या हाताचा रायफलवाला डावा खांदा टार्गेटकडं करून उभा राहतो, म्हणजे त्याचं तोंड उजवीकडं, आणि पिस्तूलवाला उजवा हात पुढं करतो म्हणजे त्याचं तोंड डावीकडं. मग एकाच लाईनवर दोन्ही असले की एकाचं बोट दिसतंय तर दुसऱ्याची पाठ. त्यात एखादा डावखुरा आला की सगळा हिशोब उलटा. म्हणून एका जागी उभं राहायचं नाही, चालत राहायचं, पण कुणाच्या जवळून जाऊन त्याचं चित्त मोडेल असंही चालायचं नाही. आमच्या मशीन शॉपमध्ये मी हेच करतो खरं तर, दहा मशिनींच्या मधून फिरताना कुणाच्या बाहीचं बटण सुटलंय, कुणी चकची (जॉब धरून फिरवणाऱ्या भागाची) चावी चकमध्येच विसरलाय, ते आधी दिसतं, जॉब नंतर. चावी चकला लावून हात सोडायचा नाही, हा लेथवरचा पहिला धडा, आणि बोट मारायच्या क्षणापर्यंत ट्रिगरच्या बाहेर, हा रेंजवरचा. दोन्हीचं कारण एकच, माणूस विसरणारच आहे असं धरून सवय लावायची.

एअर रायफलला लोक खेळणं समजतात, हे मला सगळ्यात जास्त लागतंय. पालक येतात आणि म्हणतात, छर्ऱ्याची तर आहे. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, पण मॅच रायफलमधनं सुटताना वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर. डोळ्यात गेला तर डोळा गेला. लायसन्स लागत नाही म्हणजे धोका नाही असं होत नाही. आणि हिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी मला ट्रेनिंगच्या आधी अजिबात माहीत नव्हती. काडतुसाच्या बंदुकीचा बोल्ट उघडला की चेंबरमध्ये डोकावून बघता येतं आणि काडतूस मागनं बाहेर काढता येतं, पण एअर गनमध्ये छर्रा एकदा नळीत सरकला की उघडून बघून नीट कळत नाही आणि बाहेर काढायची वाट पुढनंच. म्हणून सेफ्टी फ्लॅग. फ्लॅग म्हणजे भडक केशरी रंगाची जाड दोरी, मागनं घालायची आणि नळीच्या पूर्ण लांबीतनं पुढं तोंडाशी आलेली दिसली पाहिजे. दोरी आरपार दिसली तर आत छर्रा नाही. तोंडी शब्दावर विश्वास नाही, दोरीवर. छर्रा आत राहिलाच असेल तर शूटरनं हात वर करायचा, नळी टार्गेटकडंच ठेवायची, आणि आरओनं परवानगी दिली की तो टार्गेटमध्ये मारून मोकळा करायचा.

आता पुकाऱ्याबद्दल, कारण माझ्या मते आमच्या भागात सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. हुकूम चारच, लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. आमच्या रेंजवर मराठी पोरं आहेत, कन्नड आहेत, कॅम्पातली हिंदी बोलणारी आहेत, दोन पोरी घरी उर्दू बोलतात. सुरुवातीला मी आपलं सवयीनं "थांबा रे" म्हणायचो. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात दिवसातनं किती वेळा थांब म्हणता? थांब येतो, थांब रे जरा, थांब चहा पिऊन जा. पोरांच्या कानात त्या शब्दाचा अर्थच "अजून थोडं चालेल" असा झालेला असतो. कन्नडमधल्या "निल्लिस्री" चंही शिक्षिका बाई तसंच म्हणाल्या, शाळेत दिवसभर तोच शब्द वापरून गुळगुळीत झालाय. स्टॉप मात्र घरात कुणी म्हणत नाही. म्हणून स्टॉप. पण स्टार्ट आणि स्टॉप दोन्हीची सुरुवात एकच, आणि कानाला मफ लावलेले असले तर शेवट ऐकू येत नाही. मग आम्ही तोंडाला अशी सवय लावली, स्टाऽऽर्ट ओढून म्हणायचं, खालच्या आवाजात, आणि स्टॉप तोडून, वरच्या पट्टीत, सोबत हात आडवा. आणि स्टॉप कुणीपण म्हणू शकतं. आरओच पाहिजे असं नाही, सहावीतलं पोरगं म्हणालं तरी सगळ्या लाईननं थांबायचं, का ते नंतर विचारायचं.

आवाजाचं मला काही वाटलं नाही, फाऊंड्रीच्या शेजारी बावीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. अडचण वेगळीच निघाली.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडं एक ज्येष्ठ काका येतात पिस्तूल मारायला, रिटायर झाल्यापासनं येतात, रेंजला त्यांनी पुष्कळ मदत केलेली आहे, आम्ही सगळे त्यांच्या पाया पडतो. त्या दिवशी मी साहेबांच्या हाताखाली लाईनवर होतो. काकांनी शॉट मारला, चांगला गेला असणार, आणि मागं बाकावर बसलेल्या मित्राला काहीतरी सांगायला ते वळले. पिस्तूल हातातच. नळीचं तोंड लेन पाच, सहा, सात असं फिरत बाकापर्यंत आलं, आणि बाकावर माझी पोरगी जॅकेटची बटणं लावत बसली होती.

मला सगळं दिसलं. पहिल्या इंचापासून दिसलं. आणि माझ्या तोंडातनं काय निघालं तर, "काका, जरा..."

एवढंच. पुढचं वाक्य मी मनात जुळवत होतो, जरा पिस्तूल खाली घेता का, असं काहीतरी. तेवढ्यात मागनं साहेबांचा स्टॉप आला आणि सगळी रेंज गप्प झाली. पिस्तूल रिकामं होतं, शॉट मारून झालेला होता, काही झालं नाही. पण मला हे त्या क्षणी माहीत नव्हतं आणि कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. नंतर पोरगी गाडीवर मागं बसून काही बोलली नाही, आरपीडी क्रॉसला सिग्नलला थांबल्यावर एवढंच म्हणाली, पप्पा तुम्ही बघत होता की.

साहेबांनी मला झापलं नाही. म्हणाले, तुमच्या शॉपमध्ये हेल्परचा हात मशीनमध्ये जातोय असं दिसलं तर काय करता? मी म्हणलं, ओरडतो. आणि मालकाचा हात जात असला तर? ह्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. आपल्यात मोठ्या माणसाला असं एका शब्दात अडवायची पद्धतच नाही, आधी काका, मामा, सर, साहेब लावायचं, मग जरा, मग क्रियापदाला "ता का" लावून विचारायचं. ही पद्धत मला आवडते, मी पोरीलापण तीच शिकवलीय आणि शिकवणार. पण फायरिंग लाईनवर "काका, जरा" म्हणून होईपर्यंत नळी सगळ्या खोलीवरनं फिरून येते. मानानं बोलायचं ते स्टॉप झाल्यावर, पिस्तूल खाली ठेवल्यावर, तेव्हा पाहिजे तेवढं बोला.

काका पुढचे दोन आठवडे आले नाहीत. मला राहवलं नाही, टिळकवाडीत त्यांच्या घरी गेलो. म्हणलं काका, त्या दिवशी मी तुम्हाला अडवायला पाहिजे होतं, मी अडवलं नाही, माझं चुकलं. काका बराच वेळ खिडकीतनं बाहेर बघत बसले. मग म्हणाले, अरे मी गेली किती वर्षं असाच वळतोय काय? मी होय म्हणलं, कारण होय हेच खरं होतं. बाकीच्यांना सगळ्यांना माहीत होतं, काका वळायला लागले की लोक आपणच जरा सरकायचे. "मग एकानंपण सांगितलं नाही व्हय मला," म्हणाले. काकूंनी कुंदा आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. पुढच्या शनिवारी काका आले, आणि आता शॉट झाला की पिस्तूल टेबलावर, फ्लॅग आत, मग मान वळते.

त्यानंतर मी सराव म्हणून रोज पहाटे येळ्ळूर गडाच्या वाटेला चालायला जायचो तेव्हा मोकळ्यावर स्टॉप म्हणून बघायचो. खरं सराव आवाजाचा नव्हता, डोळ्यासमोर एकेक माणूस आणायचो, मालक, सासरे, शाळेतले आमचे हेडमास्तर, आणि एका शब्दात थांबवायचं, पुढं मागं काही न लावता.

मधले बरेच आठवडे बारीकसारीक गोष्टींचे गेले, त्यातली एक लिहायलाच पाहिजे कारण ती कुणी सांगत नाही. शिसं. छर्रा टार्गेटच्या मागच्या तिरक्या लोखंडी पत्र्यावर आपटून खाली पेटीत पडतो आणि आपटताना त्याची बारीक भुकटी होते. आमच्या रेंजवर एक मावशी रोज खराट्यानं झाडून काढायच्या, स्वच्छ दिसायचं, पण झाडलं की ती भुकटी हवेत उडते आणि पोरांच्या छातीत जाते. आता कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, मावशींना मास्क आणि हातमोजे दिलेत, पंखा टार्गेटकडं हवा ढकलेल असा लावलाय. रेंजवर खायचं नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत (पोरं धरतात, मी डोळ्यानं बघितलंय), आणि घरी जायच्या आधी साबण लावून गार पाण्यानं हात धुवायचे. लहान पोरांच्या अंगात शिसं गेलं तर त्याचा मेंदूवर परिणाम होतो, ह्याच्यात तडजोड नाही. कुणी चेष्टा केली तरी मी दारात उभा राहून हात बघतो.

एकदा आम्हाला ५० मीटरच्या रेंजवर नेलं, पॉईंट टू टू, म्हणजे काडतुसाची रायफल बघायला. तिथं कळलं एअर गनवर आम्ही किती सुखात आहोत. ती गोळी मोकळ्यावर सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते, म्हणून मागचा मातीचा बांध किती उंच आहे, त्यात दगड आहेत का, पावसानं खचलाय का, ते आधी जाऊन बघायचं. आणि ट्रिगर दाबून काडतूस उडालं नाही तर नळी टार्गेटकडं धरून निदान ३० सेकंद गप्प उभं राहायचं, कारण कधी कधी ते उशिरा उडतं. तीस सेकंद बोलायला काही नाही, धरून बघा.

परीक्षा कागदावर झाली नाही. शेवटच्या रविवारी पाचीजणांना आळीपाळीनं लाईन दिली. माझ्या वेळेला शूटिंग चालू असताना साहेब दोन पाहुण्यांना घेऊन आत आले, बोलत बोलत, आणि सरळ लाईन ओलांडून टार्गेटच्या दिशेनं चालायला लागले. (शूटर सगळे साहेबांचेच, त्यांना आधी सांगून ठेवलेलं होतं, बंदुका रिकाम्या होत्या. मला ते नंतर कळलं.) मी स्टॉप म्हणलं. आवाज फाटला पण निघाला. आठी बंदुका खाली. साहेब थांबले नाहीत, अजून दोन पावलं पुढं गेले, माझ्याकडं न बघता. मी परत स्टॉप म्हणलं आणि हात आडवा धरून म्हणलं, सर, लाईनच्या मागं या. आले. पाहुण्यांना घेऊन आले, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यातल्या दोघांना त्या दिवशी जमलं नाही, एकानं "सर, सर" म्हणत मागं पळत जाऊन हात धरला. ते दोघं परत ट्रेनिंगला येतायत आणि मला खात्री आहे जमेल त्यांना.

भिंतीवर बोर्ड लावायचा होता. बेळगावात बोर्ड कुठल्या भाषेत हा काय विषय आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, त्यावर कमिटीत एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी शिक्षिका बाईंनी चार हातांची चित्रं काढली, लोडचा हात, स्टार्टचा, स्टॉपचा, अनलोडचा, आणि प्रत्येकाखाली तोच एक शब्द कन्नड लिपीत आणि देवनागरीत, सारख्या आकारात. वाचून बघितलं तर दोन्हीकडं उच्चार एकच.

तर रविवारचा स्टॉप. आठ वाजून बारा मिनिटांनी लेन दोनच्या पोराची आई मोबाईल घेऊन फोटो काढायला पुढं सरकली, अगदी सहज, लाईनच्या पट्टीवर एक पाय पडलासुद्धा. स्टॉप. आठजणांनी खाली ठेवल्या, दोऱ्या आरपार, मी एकेक लेन चालत जाऊन बघितली. मग त्या बाईंकडं वळून कन्नडमध्ये म्हणलं, अक्का, हिंदक बर्री, मागं या. त्या घाबरल्या होत्या, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, फोटो कुठनं चांगला येतो तेपण दाखवलं. मग लोड, स्टाऽऽर्ट. रजिस्टरमध्ये लिहिलं, ८.१२, स्टॉप १, पालक पट्टीवर, सगळे फ्लॅग तपासले. खाली सही केली. पट्टीचा पिवळा रंग दोन आणि तीन नंबरच्या मागं पुसट झालाय, तो शनिवारी परत मारायचा आहे, संध्याकाळी पाचनंतर कुणी मोकळं असेल तर या.